एकतीस होकार

माझा नवरा आता माझ्यापेक्षा छान बोलतो, असं आमच्या कुरुंदवाडात सगळे म्हणतात. अपघाताआधी या माणसाला दिवसाला चाळीस-पन्नास शब्द पुरायचे, आणि तेही बहुतेक खांबावरून खालच्या माणसांना ओरडून सांगण्यात संपायचे. आता दारात कुणी आलं की "या, बसा, घरचे कसे आहेत?" इथून सुरुवात असते. मी शेजारी गप्प बसलेली असते. आम्हा दोघांना ओळखणाऱ्यांना यात मोठी गंमत वाटते. पहिले सात-आठ महिने मलाही वाटत होती.

मी त्रिशला मगदूम. अठ्ठावीस वर्षं बालवाडी चालवते. ह्यांचं नाव भूपाल, वीज कंपनीत लाइनमन. लग्न झालं तेव्हापासून आमच्या घरात बोलायचं काम माझ्याकडे. पाहुण्यांनी ह्यांना काही विचारलं तरी उत्तर मीच द्यायची. "ह्यांना पोहे नकोत, नुसता चहा द्या." "ह्यांना लग्नाला यायला जमायचं नाही, पित्त खवळलंय." हे मान हलवायचे. एका संसाराला एक तोंड पुरतं, असं मी चारचौघांत म्हणायची. लोक हसायचे, हेही हसायचे. निदान मला तसं दिसायचं.

दोन हजार त्रेचाळीसच्या मार्चमध्ये शिरोळ रस्त्यावरच्या खांबावरून हे पडले. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. डोक्यावर हेल्मेट होतं, पण उकाडा म्हणून हनुवटीखालचा पट्टा लावला नव्हता. हेल्मेट आधी खाली आलं आणि मागून हे. डोक्याची डावी बाजू गटाराच्या कठड्यावर आपटली. सतरा दिवसांनी डोळे उघडले तेव्हा उजवा हात आणि पाय लुळा पडलेला आणि वाचा गेलेली. माझ्याकडे बघायचे, ओठ हलवायचे आणि बाहेर नुसती वाफ यायची.

मिरजेच्या मेंदू-पुनर्वसन केंद्रात डॉ. आश्लेषा पेंडुरकर भेटल्या. पस्तिशीच्या असतील. हळू बोलायच्या, आणि उगाच आशा लावत नसत. ह्यांचा धंदा कळल्यावर त्यांनी मला विजेच्याच भाषेत समजावलं.

"काय बोलायचं ते जिथं ठरतं ते केंद्र बऱ्यापैकी शाबूत आहे. तिथून तोंडापर्यंत येणारी लाइन तुटलीय. समजतं त्यांना, पण अर्धवट. 'हो' आणि 'नाही' यांचीसुद्धा गल्लत होते. मान हलवतील त्यावर तुम्ही भरवसा ठेवू नका."

"मग लाइन जोडायची कशी?"

"आम्ही जोडत नाही. मेंदूच जोडतो. शुद्ध आल्यावर साधारण तीन महिने तो नवे धागे सोडत असतो, कुठं काही लागतंय का ते चाचपत असतो. नंतर ही उभारी ओसरते, मग काही केलं तरी परत येत नाही. त्या तीन महिन्यांत आपण तिथं जाळी ठेवायची."

जाळी म्हणजे पोस्टाच्या तिकिटाएवढा, कांद्याच्या पापुद्र्यासारखा तुकडा. कवटीच्या आत, मेंदूवर टेकवून ठेवतात. नवे धागे तिच्यात रुजतात. ती मेंदूचा इशारा पकडते आणि गळ्यात बांधलेल्या डबीला कळवते. इशारा सुरुवातीला इतका पुसट असतो की डबीला अंदाजच करावा लागतो. ती अंदाजाने एक वाक्य म्हणते, पेशंटच्या स्वतःच्या जुन्या आवाजात. तेच म्हणायचं असेल तर पेशंटने बटण दाबायचं. नसेल तर सोडून द्यायचं, की डबी दुसरं वाक्य म्हणून बघते. प्रत्येक दाबाला ते होकार म्हणत. एक होकार मिळाला की ती जोडणी पक्की होते, यंत्रातही आणि मेंदूतही. असे हजारो होकार झाले की पुढे बटण लागत नाही. माणूस मनात आणतो आणि डबी बोलते.

बटण उजव्याच हाताने दाबायचं होतं. मार डाव्या मेंदूला, आणि उजवा हात चालवतो तो डावा मेंदू. होकाराचा इशारा त्याच बाजूने यायला हवा होता. ह्यांची उजवी तर्जनी तेवढी थोडी हलत होती.

डबीला वाक्यं कुठून सुचणार, तर ती घरच्यांनी पुरवायची. ह्यांचं खाणंपिणं, मित्र, सवयी, घरात घडलेल्या गोष्टी, सगळं मी दोन दिवस बसून यंत्राला सांगितलं. ते काम माझ्याइतकं झकास त्या केंद्रात कुणी केलं नसेल.

"हा कच्चा माल तुमचा," डॉक्टर म्हणाल्या. "चाळणी त्यांची. म्हणून एकच नियम आहे, काकू, आणि तो मोडायचा नाही. त्यांच्या हाताला हात लावायचा नाही. कितीही वेळ लागू दे."

मी हो म्हटलं. बालवाडीत पालक मला जसं हो म्हणतात तसंच ते होतं.

घरी आल्यावर पहिले सहा दिवस मी नियम पाळला. सकाळी हे खुर्चीत बसायचे, डबी बोलायची. "मला पाणी हवं." हे बघत राहायचे. "पंखा लाव." बघत राहायचे. "ऋजुताचा फोन आला का?" बोट थरथरायचं, बटणापर्यंत जायचं, थांबायचं, घसरायचं. कपाळावर घाम यायचा. ऋजुता आमची एकुलती एक मुलगी, हैदराबादला असते. तिचं नाव ऐकून बोट हललं, म्हणजे ह्यांना दाबायचंच होतं, हे न कळायला मी काय परकी होते? पण दाबलं गेलं नाही तर यंत्र ते सोडून पुढे जायचं. तासाभरात एखादा होकार. कधी तेवढाही नाही.

रोज एकशे वीस होकार व्हायला हवे होते. सातव्या दिवशी सकाळी केंद्रातून कळवलं की प्रगती फारच कमी आहे, दहाव्या दिवसापर्यंत वाढली नाही तर प्रशिक्षण थांबवू आणि ती जागा यादीतल्या पुढच्या पेशंटला देऊ. तीन महिन्यांतला एक आठवडा संपलाच होता.

आता माझं काय झालं ते सांगते. बालवाडीत एखाद्या पोराला पाटीवर अक्षर काढता येत नसलं की मी त्याच्या मागे बसते, त्याची मूठ माझ्या मुठीत घेते आणि गिरवते. पन्नास वेळा, शंभर वेळा. मग एक दिवस ते पोर आपलं आपण काढतं. माझ्या आईने मला असंच शिकवलं, मी निम्म्या कुरुंदवाडाला असंच शिकवलं. हात धरून गिरवण्यात कुणाला काही वावगं वाटत नाही, उलट बाईंनी हात धरून शिकवलं असं लोक कौतुकाने सांगतात. मी खुर्ची सरकवली, ह्यांच्या उजव्या बाजूला टेकले आणि ह्यांच्या तर्जनीवर माझी तर्जनी ठेवली.

डबी म्हणाली, "ऋजुताचा फोन आला का?" आम्ही दाबलं.

त्या दिवशी एकशे चाळीस झाले.

हे मधूनच डाव्या हाताने माझं मनगट घट्ट धरायचे. नखं रुतायची. मला वाटायचं, आधार घेतायत. इतकी वर्षं चारचौघांत कधी माझा हात धरला नाही, आता धरतायत, म्हणून मला भरून यायचं. मी म्हणायची, "असू दे हो, मी आहे ना."

जुलैमध्ये नव्वद दिवस पुरे झाले. बटण काढून टाकलं. सकाळी मी चहा पुढे केला आणि ह्यांच्या गळ्यातून, अगदी ह्यांच्या आवाजात, आलं, "त्रिशला, आज साखर बेताची घातलीस, बरं केलंस." मी स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात धरून रडले. ऋजुताला फोन लावला तेव्हा डबी म्हणाली, "बाळ, जेवलीस का?" पलीकडे तीही रडली. केंद्राने कार्यक्रम ठेवला. त्या तुकडीतला सर्वांत चांगला निकाल आमचा. मला शाल आणि नारळ दिला. ह्यांनी आभाराचे चार शब्द बोलून टाळ्या घेतल्या. तेव्हा हे माझ्याकडे बघत नव्हते, समोर कुठं तरी बघत होते. गर्दीला बुजले असतील, असं मी लोकांना सांगितलं.

पुढचे महिने माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे होते. आता हे सांगायलाही लाज वाटते, पण खरं ते खरं. मला हवं तेव्हा बोलणारा नवरा मला साठीजवळ मिळाला. मी केलेल्या आमटीला नावं ठेवायचे नाहीत. माझ्या बहिणीबद्दल मला जे वाटायचं तेच ह्यांनाही वाटायचं. आमचं इतकं कधीच जमलं नव्हतं.

फेब्रुवारीत इलाही मुजावर आले. ह्यांचे नोकरीतले जोडीदार. वीस वर्षं एकाच शिडीवर वर-खाली केलेली माणसं. निवृत्तीनंतर मुलीकडे विजापूरला गेले होते, अपघाताचं कळलं पण गुडघ्याच्या दुखण्याने येणं झालं नव्हतं. आले ते दारातच उभे राहिले.

"भूपाल, मी रं. वळखलंस का?"

"इलाही, ये, बस," डबी म्हणाली. "किती दिवसांनी आलास. गुडघा कसा आहे?"

इलाहीभाईंचे डोळे भरले. मग डोळे पुसत हसले. "आयला, वीस वरसात कवा मला ये बस म्हणालावतास? आता लई सुधारलास की."

मी चहा ठेवला. दोघांच्या गप्पा चालल्या होत्या. म्हणजे इलाहीभाई बोलत होते आणि डबी बोलत होती. हे खिडकीकडे बघत होते. इलाहीभाईंनी मध्येच आवाज खाली आणला आणि ह्यांच्या गुडघ्यावर थाप मारली.

"एकतीस सालच्या पुरातलं तीन दिवस ध्यानात हायती न्हवं?"

त्यांनी डोळा मिचकावलेला मी चहा ओतता ओतताही टिपला. आणि डबीने सुरुवात केली. "कसे विसरेन? सबस्टेशनच्या गच्चीवर तीन दिवस. खाली सगळं पाणी. चुरमुरे आणि भिजलेली बिस्किटं. तू छातीएवढ्या पाण्यात उतरून मेन स्विच पाडलास. आणि तो नाग पोहत आला आणि माझ्या बुटाला वेटोळं घालून बसला, मी तासभर पाय हलवला नाही."

इलाहीभाईंचं हसू विरलं. ते आधी ह्यांच्या तोंडाकडे, मग गळ्यातल्या डबीकडे, मग माझ्याकडे बघू लागले.

माझ्या हातातली बशी मी खाली ठेवली. कारण तो नाग माझा होता. ह्यांनी पुरातून परत आल्यावर मला दोन वाक्यांत सांगितलं होतं, सबस्टेशनवर अडकलो होतो, चुरमुरे खाल्ले. बालवाडीत पोरांना ती गोष्ट सांगताना नुसत्या चुरमुऱ्यांनी काय होणार, म्हणून मी त्यात बिस्किटं घातली, मेन स्विच घातला, नाग घातला. पुढे मी तो नेहमीच घालायची. यंत्राला गोष्टी सांगताना सवयीने तोही सांगून गेले. आणि ज्या दिवशी डबीने तो नाग सरावात म्हणून बघितला, त्या दिवशी बटण कुणाच्या तर्जनीने दाबलं होतं, ते मला माहीत होतं.

इलाहीभाई फाटकापर्यंत गेले, मी मागून गेले.

"भाईजी, काय ते सांगा. नाग नव्हता, ते मला माहितीय."

"ऱ्हाऊ द्या वहिनी. जुनी गोष्ट हाय."

"सांगा."

त्यांनी टोपी काढली, परत घातली. "सबस्टेशनवर कोन अडकलंच नव्हतं, वहिनी. पहिल्याच दिवशी पाणी शिरलं, सायबानं कुलूप लावून समद्यांस्नी घरी धाडलं. तुमचं घर उंचावर, रस्ता चालू होता. भूपाल म्हनला, मी घरला जात न्हाई. माझ्या मेव्हन्याचं हातकणंगल्याला गोदाम हाय, तितं ऱ्हायला तीन दिवस. पोत्यावर पडून असायचा."

"का?"

"मीबी इचारलं. म्हनला, घरला गेलो तर तीच इचारनार आन् उत्तरबी तीच देनार. तीन दिस गप बसू दे मला." इलाहीभाई फाटकाच्या कडीकडे बघत होते. "मग तिसऱ्या दिवशी आपसूकच उठला. ऋजुताला ताप आसंल म्हनला, आन् गेला. तसा तुमच्याबद्दल वाईट कवा बोलला न्हाई."

मी घरात आले. हे खुर्चीत होते. डबी म्हणाली, "इलाही गेला का? भला माणूस." मी मागे जाऊन डबीचा हूक काढला. हूक मानेमागे असतो, दोन हात लागतात, ह्यांना एका हाताने निघत नाही. काढताना ह्यांचे खांदे खाली आले, सैल झाले. असं मला वाटलं. माझ्या वाटण्यावर आता माझाच भरवसा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मिरज गाठली. डॉ. पेंडुरकरांना काही लपवलं नाही.  त्यांनी जुनी नोंद उघडली. प्रत्येक होकाराचा दाब यंत्राने टिपून ठेवला होता. पडद्यावर एका बोटाच्या दाबाची रेघ कशी असते ते त्यांनी दाखवलं, आणि सातव्या दिवसानंतरच्या रेघा दाखवल्या. प्रत्येकीला दोन उंचवटे होते, एक लहान, एक मोठा.

"हे आम्हाला तेव्हाच दिसायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "आकडे चांगले आले की आम्ही आत डोकावत नाही. तुमच्या एकटीचं चुकलं नाही, काकू."

"आता काय करायचं ते सांगा."

"एकूण होकार दहा हजार सहाशे. धागे त्या होकारांच्या मागे रुजले. म्हणजे कुणी आलं, चहा आला, मुलीचा फोन आला की तुम्हाला जे योग्य वाटलं असतं ते वाक्य निघतं. त्यांच्या मनात काय आहे, त्याला त्या जाळीत वाटच मिळाली नाही."

"पुन्हा शिकवू. मी हात लावणार नाही. मी घरातच थांबणार नाही."

त्यांनी नकाराची मान हलवली. "उभारी ओसरली. नवे धागे आता येत नाहीत. जाळी काढायला गेलो तर रुजलेले तुटतील, आणि समजण्याची जी थोडी शक्ती आहे तीही जाईल."

मी पडद्यावरच्या सुरुवातीच्या रेघांकडे बोट केलं. मग विचारलं, "पहिल्या सहा दिवसांतले होकार ह्यांचे एकट्याचे होते ना? ते किती?"

"एकतीस."

"मला वाचायचेत."

त्यांना ते दाखवायचे नव्हते, पण दाखवले. एकतीस ओळी. पाणी, दोनदा. खिडकी उघड. दुखतंय, तीनदा. ऋजुता. दिवा बंद कर. पाय. उरलेल्या बावीस ओळींवर एकच वाक्य होतं. थांब जरा. थांब जरा. थांब जरा. यंत्राने जेव्हा जेव्हा ते म्हणून बघितलं, तेव्हा तेव्हा या माणसाने घाम गाळून, एका अर्धमेल्या बोटाने, ते दाबलं होतं. मी तेव्हा शेजारीच बसले होते. डबी थांब जरा म्हणायची, आणि मी म्हणायची, "शाब्बास! आता पुढचं."

माझ्या मनगटावर नखांच्या खुणा कशाच्या होत्या, ते मी डॉक्टरांना विचारलं नाही. विचारायची गरज उरली नव्हती.

घरी आल्यावर मी डबी कपाटात ठेवली आणि ह्यांच्यासमोर बसले. म्हटलं, "माझं चुकलं. मी थांबायला हवं होतं." आणि खरोखर थांबले. तासभर गप्प बसले. आयुष्यात पहिल्यांदा. हे खिडकीकडे बघत होते, मग जमिनीकडे, मग एकदा माझ्याकडे. एक मोठा श्वास सोडला. तो कसला होता, हे पूर्वी मी तुम्हाला लगेच सांगितलं असतं.

मग मी रोज बसू लागले. बालवाडीतल्यासारखे दोन पुठ्ठे केले, हिरव्यावर हो, लालवर नाही. "तुमचं नाव भूपाल?" ह्यांनी डाव्या हाताने लाल उचलला. परत विचारलं, हिरवा उचलला. "डबी नको ना?" हिरवा. थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रश्न, लाल. "माझा राग आलाय?" दोन्ही उचलले आणि मांडीवर ठेवून दिले. डॉक्टर म्हणाल्या होत्या, पहिल्या तीन महिन्यांत होकाराचं बोट ह्यांच्या स्वाधीन राहिलं असतं, तर हो आणि नाही पहिल्यांदा सुधारलं असतं. तेच सर्वांत सोपं होतं. मी पुठ्ठे पुढे करायची, थांबायची, उत्तर यायचं, आणि ते उत्तर आहे का हे कळायला काही मार्ग नसायचा. असे सोळा दिवस गेले. लोक यायचे, विचारायचे, "मशीन बिघडलं का हो?" मी हो म्हणायची.

ऋजुता आठव्या महिन्यात होती. तिचा रोज फोन. "आई, अजून दुरुस्त नाही झालं? अण्णांशी बोलले नाही की मला दिवस जात नाही गं. रक्तदाब वाढलाय म्हणून डॉक्टर ओरडतात." तिला सांगायचं म्हणून मी तीनदा तोंड उघडलं. कसं सांगणार? गेले सात महिने तू रोज ज्या अण्णांशी बोललीस ती मीच होते, हे त्या अवस्थेतल्या पोरीला कुठल्या तोंडाने सांगायचं? अण्णा तिच्यासाठी परत आले होते. ते पुन्हा माझ्या हातून जाणार होते.

सतराव्या दिवशी सकाळी तिचा फोन आला, ती रडतच होती. सासरचे म्हणत होते बाळंतपण तिकडेच कर, अण्णांचं असं आहे, माहेरी कोण बघणार. "मला फक्त अण्णांना विचारायचंय, मी येऊ का. त्यांनी ये म्हटलं की मी कुणाचं ऐकणार नाही."

मी कपाटातून डबी काढली. ह्यांच्यासमोर धरली. "ऋजुता आहे. रडतेय. लावू का?" पुठ्ठे पुढे केले आणि थांबले. ह्यांनी हिरवा उचलला. मी पुढे वाकले तशी तो टाकून लाल उचलला. मी थांबले. पुन्हा हिरवा. फोनमधून पोरीचे हुंदके येत होते. मी किती थांबायला हवं होतं? मी मानेमागे जाऊन हूक लावला.

"बाळ, रडू नकोस," डबी लगेच म्हणाली. "हे तुझं घर आहे. विचारायचं काय त्यात? ये."

"अण्णा!" ऋजुता रडता रडता हसली. "तुम्हाला त्रास नाही ना होणार? आई तुमचं नीट करते ना?"

"तुझी आई आहे म्हणून मी आहे," डबी म्हणाली. "तिच्यासारखं मला कुणी ओळखत नाही."

ह्यांचा डावा हात मांडीवरून उचलला गेला. सावकाश वर आला, गळ्याशी पोचला, आणि डबीवर मूठ आवळली. मूठ पांढरी पडेपर्यंत आवळली. तोंड उघडलं होतं, त्यातून काही येत नव्हतं. मुठीच्या आतून आवाज चालूच होता, ह्यांचाच आवाज, नातवाचं नाव काय ठेवायचं ते सांगत होता.

"आई," ऋजुता म्हणाली, "अण्णांचा आवाज एकदम बारीक येतोय. जरा बघ ना गं."

मी पुढे झाले आणि ह्यांची बोटं एकेक करून सोडवली.